लुंबिनीला सेवेला निघालात? राहण्याची तयारी आधी करा



"ताई, बुद्धाच्या जन्मभूमीत सेवेला गेलेला माझा पोरगा आजारी पडलाच कसा?"

एका आईने मला हा प्रश्न विचारला तेव्हा तिचा मुलगा खाटेवर पडून होता. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात त्राण नाही, अन्नाचा वास आला तरी उलटी. तीन महिन्यांच्या सेवेसाठी तो लुंबिनीला गेला होता, सातव्या आठवड्यात परत आला. शेजारच्या एकीने तोवर गळ्यात काविळीची माळही घातली होती.

ती माळ मी आधी काढायला लावली. मग मुलाला विचारले, "पाणी कुठले प्यायचास?" तो म्हणाला, "हापशाचे." "उकळून?" "पहिले चार दिवस उकळले. मग कोणी उकळेना." "खोलीत किती जण होतात?" "सहा." "ताप कधी आला?" "यायच्या आधी दहा दिवस. पण सांगितले नाही. सेवेला आलोय आणि झोपून राहतोय, असे कोणी म्हणू नये म्हणून."

आईच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. भूमी कितीही पवित्र असली तरी पाणी घाण असेल तर कावीळ होणारच. काविळीचे विषाणू श्रद्धा बघत नाहीत. सहा जणांच्या खोलीत पाणी कोण उकळणार हे ठरले नव्हते, आणि आजारी पडल्यावर ते सांगायची लाज वाटत होती. मुलाला आजारी पाडले ते या दोन गोष्टींनी.

आपल्या वस्त्यांतून आता बरीच मुले-मुली नेपाळला सेवेला जातात. कोणी विहारात, कोणी विपश्यना केंद्रात धम्मसेवेला, कोणी आरोग्य शिबिरात, कोणी गावातल्या शाळेत शिकवायला. ही अभिमानाची गोष्ट आहे. बाबासाहेबही नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. पण मोफत किंवा स्वस्त राहण्याची सोय म्हणजे बहुतेक वेळा एका खोलीत चार-सहा-आठ जण, एक संडास, एक हापसा, एक शेगडी. तिथे नीट कसे राहायचे, हे जाण्याआधी कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

जाण्याआधी विचारायचे प्रश्न

आपल्या लोकांना एक सवय आहे. धम्माच्या कामाला जायचे म्हटले की सोयीबद्दल विचारायला संकोच वाटतो. सोय विचारली म्हणजे श्रद्धा कमी, असे अजिबात नाही. ज्या संस्थेकडे जाणार आहात तिला फोन करून हे प्रश्न सरळ विचारा आणि उत्तरे वहीत लिहा:

- एका खोलीत किती जण? खिडक्या किती, आणि त्या उघडतात का?
- झोपायला खाट आहे की जमिनीवर? मच्छरदाणी मिळते का?
- पिण्याचे पाणी कुठून येते? उकळायची किंवा गाळायची सोय आहे का?
- संडास-मोरी किती जणांत एक? मुलींसाठी वेगळी आणि आतून कडी असलेली आहे का?
- स्वयंपाक कोण करते?
- जवळचा दवाखाना किती अंतरावर? रात्री गाडी मिळते का?
- आजारी पडले तर खर्च कोण करणार?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. आपले आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजना नेपाळच्या दवाखान्यात चालत नाही. प्रवास विमा काढता आला तर काढा. नाही जमले तर परतीच्या तिकिटाचे आणि दवाखान्याचे पैसे वेगळे बांधून ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

नेपाळला जायला भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. फक्त आधार कार्डावर विसंबू नका. ही कागदपत्रे "ऑफिसात ठेवतो" म्हणून कोणी मागितली तर झेरॉक्स द्या, मूळ कागद स्वतःजवळ ठेवा. नेपाळी रुपयाचा दर ठरलेला आहे. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात. सोनौलीच्या सीमेवर पैसे बदलताना हे लक्षात असू द्या.

शरीराची तयारी

निघण्याच्या किमान चार आठवडे आधी दवाखान्यात जाऊन या. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. लस घेतल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, त्याला काही दिवस जावे लागतात. बीपी, साखर, दमा, फिट यांची औषधे चालू असतील तर पूर्ण मुक्कामाची घ्या, वर दोन आठवड्यांची जास्त ठेवा आणि चिठ्ठी सोबत घ्या. तिथे त्याच नावाची गोळी मिळेलच असे नाही. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता आपल्या घरातली एक गोष्ट. विदर्भात आदिवासी समाजासोबत आपल्या समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. लग्न जुळवताना लोक तो लपवतात आणि मग सगळीकडेच लपवण्याची सवय लागते. सेवेला जाताना तो लपवू नका. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या. फक्त वाहक असाल तर घाबरायचे कारण नाही, पाणी भरपूर प्या आणि फार उंच डोंगरावर जायचे असेल तर डॉक्टरांना विचारा. पण सिकलसेलचा आजार असेल तर अंगातले पाणी कमी होणे, कडक थंडी, ताप आणि अति श्रम यांनी वेदनांचा झटका येतो. लुंबिनी सपाट प्रदेशात आहे, पण तिथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत दिवसचे दिवस धुके आणि गारठा असतो. अशा रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये. जायचेच ठरले तर खोलीतल्या किमान एका माणसाला आजाराची माहिती हवी.

पहिला दिवस: विनयातला पाहुणा भिक्खू

नव्या जागी गेल्यावर पहिले काय करायचे, हे विनयपिटकात अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. चुल्लवग्गात नव्याने आलेल्या भिक्खूची कर्तव्ये दिली आहेत. त्याने चपला काढून झटकाव्यात, आधीपासून राहणाऱ्यांना विचारावे की पिण्याचे पाणी कोणते, वापरायचे कोणते, शौचाची जागा कुठे. राहण्याची जागा मळलेली असेल तर झाडून घ्यावी, अंथरूण-पांघरूण बाहेर काढून उन्हात टाकावे, झटकून पुन्हा जागेवर ठेवावे.

यातली प्रत्येक गोष्ट आजही आरोग्याची आहे. पोचल्यावर पाया पडणे, फोटो काढणे झाले की हे करा:

१. गादी, उशी, चादर उन्हात टाका. गादीच्या शिवणीत आणि खाटेच्या फटीत ढेकूण आहेत का पाहा. काळे बारीक ठिपके दिसले तर समजा, आहेत.

२. पिण्याचे पाणी, वापरायचे पाणी आणि संडास कुठे, हे स्वतः जाऊन बघा. संडास आणि हापसा अगदी जवळ असतील तर त्या पाण्याबद्दल जास्त सावध राहा.

३. खिडकी उघडा. उघडत नसेल तर त्याच दिवशी सांगा.

४. जवळचा दवाखाना, जबाबदार माणसाचा नंबर आणि घरचा नंबर भिंतीवर लिहून लावा. नेपाळमध्ये पोलिसांचा नंबर १०० आणि ॲम्ब्युलन्सचा १०२ आहे.

पाणी

लुंबिनीच्या तराई भागात पिण्याचे पाणी बहुतेक हापशाचे असते. स्वच्छ दिसते, गार लागते, म्हणून लोक तसेच पितात. पण टायफॉइड, कॉलरा, हगवण, हिपॅटायटिस ए आणि ई यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नेपाळमध्ये हिपॅटायटिस ई ची मोठी साथ नवी नाही. २०१४ मध्ये विराटनगर शहरात अशीच साथ आली होती. हा विषाणू गरोदर बाईसाठी जीवघेणा ठरू शकतो, म्हणून गरोदरपणी अशा मुक्कामाला जाऊ नये.

पाणी खळखळ उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच उकळू द्या. दोन हजार मीटरपेक्षा उंच डोंगरी गावात असाल तर तीन मिनिटे. मग झाकून गार करा आणि ज्या भांड्यात उकळले त्यातूनच घ्या. उकळलेले पाणी धुतलेल्या ओल्या बाटलीत भरले आणि ती बाटली कच्च्या पाण्याने धुतली असेल तर सगळी मेहनत वाया. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापरा. पाकिटावर लिहिले आहे तितक्याच पाण्यात टाका आणि अर्धा तास थांबा.

तराईतल्या काही हापशांच्या पाण्यात आर्सेनिक हे विष आढळले आहे. लुंबिनीच्या पूर्वेकडच्या नवलपरासी भागात त्याचे प्रमाण जास्त आहे. आर्सेनिक उकळून जात नाही. तीन महिन्यांच्या मुक्कामात लगेच काही होत नाही, कारण हे विष वर्षानुवर्षे साठून त्रास देते. पण "या हापशाचे पाणी तपासले आहे का?" एवढे विचारा. तुमच्या विचारण्याचा उपयोग तुमच्यापेक्षा तिथल्या गावकऱ्यांना जास्त होईल.

जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे एक पाकीट. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. मीठ अंदाजाने टाकू नका. रक्त पडले, लघवी बंद झाली किंवा उलट्यांनी पाणीही टिकेना, तर दवाखाना.

झोप: मच्छरदाणी दोन कामे करते

तराईत मलेरिया, डेंगू आणि जपानी मेंदूज्वर, हे तिन्ही डासांमुळे होतात. २०२२ मध्ये नेपाळात डेंगूचे ५० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. डेंगूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावा आणि खोलीभोवतीच्या डब्यांत, टायरात, कुंडीत साठलेले पाणी आठवड्यातून एकदा ओता. ताप आला आणि डेंगूची शंका असेल तर पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो. ताप उतरत असताना पोटात जोरात दुखले, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा गळून गेल्यासारखे झाले तर तो धोक्याचा काळ आहे. लगेच दवाखान्यात जा.

मच्छरदाणीचे दुसरे काम फार जणांना माहीत नसते. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश कित्येकदा कळतही नाही. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले आहे. मात्र मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या हव्यात. रात्री संडासला जाताना टॉर्च आणि चप्पल हवीच. सकाळी कोणाच्या पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, पोटात दुखू लागले तर जखम दिसत नसली तरी सर्पदंशाची शंका घ्या. कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नको. चावलेला अवयव हलू न देता दवाखान्यात न्या.

कुत्रा किंवा माकड चावले, ओरखडले तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

थंडी आणि बंद खोली

आता सांगते ती गोष्ट सगळ्यांत लक्षात ठेवा. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामण या थंड ठिकाणी केरळहून आलेले ८ पर्यटक एका खोलीत झोपले. त्यांत ४ लहान मुले होती. थंडीमुळे गॅसचा हीटर लावला होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. आठही जण गेले.

कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर, बंद मोरीतला गॅस गिझर, यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. शेगडी खोलीत घेऊन झोपायचे नाही, कितीही थंडी असो. आणखी एक घोंगडी मागा, दोघांनी अंथरुणे जवळ घ्या, पायमोजे घाला. गॅस गिझर असेल तर पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा आणि मग अंघोळ करा. एका खोलीतल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले तर "पित्त झाले" म्हणू नका. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा.

एकाचा आजार, सगळ्यांचा इलाज

सामाईक खोलीत सर्वांत जास्त दिसते ती खरूज. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर, मांड्यांत पुरळ आणि रात्री वाढणारी खाज. यात लाजण्यासारखे काही नाही, स्वच्छ राहणाऱ्यालाही होते. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन मलम दिले तर ते मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळ्या अंगाला लावून रात्रभर ठेवायचे आणि एका आठवड्याने पुन्हा लावायचे. महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे, खाज नसली तरी. एकट्याने लावले तर मलम संपते, खरूज संपत नाही. कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवा. अंगावेगळे झालेले किडे तितक्यात मरतात.

दोन आठवडे खोकला असेल, वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल तर थुंकी तपासून घ्या. टीबी बरा होतो. खोकणाऱ्याला खोलीबाहेर काढू नका, खिडकी उघडा आणि त्याला तपासणीला घेऊन जा. टॉवेल, वस्तरा, दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याचाच हवा.

काम कोण करणार?

दहा बाय दहाच्या खोलीत सात जणांनी राहायचे शिक्षण आपल्याला जन्मापासून मिळालेले असते. तरी आपली मुले तिथे गडबडतात. कारण घरी त्या खोलीचा गाडा आई ओढत असते. पाणी कोणी भरले, कोणी उकळले, मोरी कोणी घासली, हे मुलांना दिसलेलेच नसते. आणि जिथे मुले-मुली दोघेही सेवेला असतात तिथे चार दिवसांत स्वयंपाक मुलींकडे जातो आणि व्यासपीठ मुलांकडे. हे चालू देऊ नका.

बौद्ध साहित्यात अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल या तीन भिक्खूंची हकीकत आहे. दूध-पाण्यासारखे ते एकत्र राहत. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडून पिण्याचे पाणी ठेवी. जो शेवटी येई तो जागा झाडून भांडी धुऊन ठेवी. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसे तो भरी. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवी. हे नीट वाचले तर दिसते की तिथे कोणी कोणाची वाट बघत नव्हते. त्या मुलाच्या खोलीत मात्र सहाही जण वाट बघत होते, की पाणी दुसरा कोणीतरी उकळेल.

आपण अनुरुद्ध होईपर्यंत कागदावर तक्ता करू. पाणी उकळणे, स्वयंपाक, भांडी, संडास धुणे, कचरा, ही पाच कामे. सगळ्यांची नावे, मुलगे-मुली दोघांची. दर आठवड्याला पाळी बदलते. संडासाजवळ साबण संपणार नाही याची जबाबदारी त्या आठवड्यात संडास धुणाऱ्याची. आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळ्यांनी बसायचे आणि काय खटकले ते बोलायचे. मनात ठेवले की भांडण वाढते.

आडनाव विचारले तर

राहायला जागा मिळणे हा आपल्यासाठी कधीच साधा प्रश्न नव्हता. कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेब नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत वसतिगृहात राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. तेच बाबासाहेब शिकून बडोद्याला नोकरीला आले तेव्हा पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. एका ठिकाणी खोलीने मित्र दिला, दुसऱ्या ठिकाणी झाडाखाली बसायची वेळ आणली.

नेपाळमध्ये जात आहे. जातीवरून भेदभाव आणि अस्पृश्यता हा तिथे २०११ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी २०२१ मध्ये काठमांडूत एका दलित पत्रकार तरुणीला जात कळल्यावर खोली नाकारल्याचे प्रकरण देशभर गाजले. आणि आपल्याकडून गेलेले इतर भारतीयही आपली जात पिशवीत घालून नेतात. माझ्याच एका मुक्कामात शेजारच्या खाटेवरच्या बाईने पहिल्या रात्री आडनाव विचारले आणि दुसऱ्या दिवसापासून तिचे पाण्याचे भांडे वेगळे झाले. मी गप्प राहिले नाही. साप्ताहिक बैठकीत सगळ्यांसमोर सांगितले की इथे भांडे एकच राहील. ते एक राहिले. तिने मात्र तिसऱ्या आठवड्यात खोली बदलून घेतली.

हे आरोग्याच्या पानावर का लिहिते? कारण अपमान गिळत राहिलेल्या माणसाची झोप उडते, भूक मरते आणि तो आजारी पडला तरी मदत मागत नाही. असे घडले तर तारीख-वेळ लिहून ठेवा, जबाबदार माणसाला सांगा, घरी फोन करा. तिथल्या गावातल्या दलित आणि मुस्लिम शेजाऱ्यांशी आपण कसे वागतो, हेही त्याच वेळी तपासा.

मुलींसाठी वेगळे सांगते. खोलीला आतून कडी आणि बाहेरून कुलूप, दोन्ही हवे. एकटीने रात्री जायची वेळ येणार नाही अशी जोडी ठरवा. सेवा, गुरू, वडीलधारा, कोणत्याही नावाखाली कोणी अंगाशी आले तर तो गुन्हा आहे, सहन करणे ही सेवा नाही. घरच्यांशी एक शब्द आधीच ठरवून ठेवा, तो फोनवर उच्चारला की घरच्यांनी समजावे, मुलगी अडचणीत आहे. पाळीत वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कुठे टाकायचे हे पहिल्याच दिवशी विचारा. कापड वापरत असाल तर ते उन्हातच वाळवा, गादीखाली नाही. पाळी आली म्हणून कोणी वेगळे बसवू लागले तर बसू नका. पाळीत बाईला घराबाहेर ठेवण्याची छाऊपडी प्रथा नेपाळच्याच कायद्याने गुन्हा ठरवली आहे.

आजार सांगणे हीसुद्धा जबाबदारी

महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होता, स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते, कारण तोही कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, असे इतरांचे म्हणणे. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग सगळ्या भिक्खूंना बोलावून समजावले की इथे तुमचे आई-बाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा, असे त्यांनी सांगितले.

परिचारिका म्हणून मी या प्रसंगात आणखी एक गोष्ट बघते. त्याच ठिकाणी आजारी माणसाची कर्तव्येही सांगितली आहेत. त्याने आजार जसा आहे तसा सांगावा, औषध घ्यावे, झेपेल तेवढेच करावे. म्हणजे आजार लपवणे ही सहनशीलता नाही. जुलाब, कावीळ किंवा ताप लपवून स्वयंपाकाला बसणारा माणूस सगळ्या खोलीला आजारी पाडतो.

म्हणून खोलीत पहिल्याच रात्री एक नियम करा: ताप, जुलाब, डोळे-लघवी पिवळी, यातले काही झाले तर त्याच दिवशी सांगायचे. सांगणाऱ्याला कामातून सुट्टी आणि कोणी टोमणा मारायचा नाही. आजाऱ्याने स्वयंपाक करायचा नाही. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर दवाखाना.

आणि घरच्यांनो, तुम्हीही पोराला फोनवर "जेवलास का" एवढेच विचारू नका. "पाणी कोण उकळते? लघवी कशी होते? झोप लागते का?" हेही विचारा. "तीन महिने पूर्ण करूनच ये, लोक काय म्हणतील" असे तर चुकूनही म्हणू नका. अर्ध्यात परत येणे हा पराभव नाही.

निघताना आणि परतल्यावर

विनयात जाणाऱ्या भिक्खूचीही कर्तव्ये आहेत. भांडी-कुंडी आवरावी, दारे-खिडक्या लावाव्यात, जागा कोणाच्या तरी हवाली करून निघावे. आपणही खोली धुऊन, भिंतीवरचा नंबरांचा कागद तसाच ठेवून निघू. पुढे येणाऱ्याला तो लागेल.

परतल्यावर दोन महिने अंगावर लक्ष ठेवा. दूषित पाण्याची कावीळ साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना "मी नेपाळच्या तराईत होतो" हे आवर्जून सांगा.

त्या मुलाला उठून हिंडायला सव्वा महिना लागला. या काविळीला माळ लागत नाही. विश्रांती, साधे अन्न, भरपूर पाणी, दारू पूर्ण बंद आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नाही, एवढ्यावर बहुतेक जण बरे होतात. पण ग्लानी आली, बरळू लागला किंवा कुठून रक्त आले तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना.

येत्या हिवाळ्यात तो पुन्हा जायचे म्हणतो. आईने आधी नाही म्हटले, मग पाणी उकळायला झाकणाचे मोठे पातेले घेतले. परवा मला दाखवायला आणले होते. मी म्हटले, पातेले चांगले आहे, पण पहिल्या रात्री तक्त्यावर सहा जणांची नावे लिहायला त्याला सांग. तो म्हणाला, "ताई, पहिले नाव माझेच लिहिणार."

जय भीम.